रुळाला तडा कधी जातो?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. पहिली द्राक्षबागांची : पहाटे बागेत शेकोट्या पेटल्या, मणी तडकण्याची भीती. दुसरी रेल्वेची : रुळाला तडा, मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या उशिराने. दोन्ही बातम्यांत गुन्हेगार एकच असतो, थंडी. द्राक्षाच्या बाबतीत तो आरोप बागायतदारांनी तपासून पाहिलेला आहे. रुळाच्या बाबतीत मात्र आपण तो न तपासताच मान्य करतो. थंडीत वस्तू आखडतात हे शाळेत शिकलेले असते, रूळ आखडला आणि तुटला, एवढ्यावर समाधान होते.

हा लेख त्या समाधानाबद्दल आहे. थंडीच्या पहाटे रूळ दुभंगतो हे खरे. पण त्याला तडा त्या पहाटे गेलेला नसतो. तो बहुतेक वेळा कित्येक महिने आधी गेलेला असतो, कधी कधी काही वर्षे आधी. हा फरक केवळ शब्दांचा नाही. तडा थंडीने जातो असे मानले तर उपाय एकच उरतो, थंडी संपण्याची वाट पाहणे. तो आधीच गेलेला असतो हे कळले, तर तो आधीच शोधताही येतो.

हिशेब थंडीचा

प्रथम थंडीची बाजू आकड्यांत मांडू. नाशिकरोड, कसबे सुकेणे, निफाड, लासलगाव, मनमाड असा जो लोहमार्ग जातो, त्यावरचे रूळ आता जुन्यासारखे तुकड्यातुकड्यांचे नाहीत. पूर्वी १३ मीटरच्या दोन रुळांमध्ये फट ठेवलेली असे आणि गाडी त्यावरून जाताना ठेक्यात खडखड होई. आता रूळ एकमेकांना वितळजोडाने जोडून लांबच लांब केलेले असतात आणि काँक्रीटच्या स्लीपरला लोखंडी क्लिपांनी घट्ट आवळलेले असतात. त्यांना ना उन्हाळ्यात पसरता येते, ना हिवाळ्यात आखडता येते.

पोलादाचा एक किलोमीटर लांब रूळ ३० अंशांनी थंड झाला तर तो सुमारे ३५ सेंटिमीटर आखडू पाहतो. स्लीपर त्याला आखडू देत नाहीत, म्हणून तो आतून ताणला जातो. समजा, रूळ ४० अंश तापमानाला ताणमुक्त अवस्थेत आवळला होता आणि पहाटे तो १० अंशांवर आला. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.९ टनांची खेच निर्माण होते. ३० अंशांची झाली ५७ टन. आकडा छाती दडपणारा आहे. पण रुळाचे छेदक्षेत्र सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला आले जेमतेम ७४० किलो.

आणि हे पोलाद तुटायला किती लागतात? आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या प्रतीच्या रुळासाठी चौरस सेंटिमीटरला किमान ९,००० किलो. थंडीची खेच त्याच्या बाराव्या हिश्शाएवढी. निरोगी रूळ निफाडच्या थंडीने तुटणे शक्य नाही. शून्याखाली पारा गेला तरी नाही. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा : बाराव्या हिश्शाच्या खेचीने तुटावा, इतका रूळ आधी कोणी पोखरला?

तुटलेल्या तोंडाची साक्ष

या प्रश्नाचे उत्तर तुटलेला रूळ स्वतःच देतो. त्याचे तुटलेले तोंड उजेडात धरले तर बहुधा त्यावर दोन वेगळे भाग दिसतात. एक गुळगुळीत, अंडाकृती किंवा चंद्रकोरीसारखा, कधी काळपट पडलेला. नीट पाहिले तर त्यावर एकाबाहेर एक अशा बारीक रेघा दिसतात, समुद्राची भरती ओसरताना वाळूवर उमटतात तशा. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार आणि ताजा. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढलेला तडा. खरखरीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एका झटक्यात तुटलेले पोलाद. थंडीची जबाबदारी असलीच तर या दुसऱ्या भागापुरती.

ही साक्ष वाचायला माणसाला बराच काळ लागला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्या काळच्या अभियंत्यांनी तुटलेले आस पाहिले तेव्हा त्यांना खरखरीत, दाणेदार भाग दिसला. त्यांनी निष्कर्ष काढला, की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे स्फटिक झाले आणि ते ठिसूळ बनले. हा समज पुढे कित्येक दशके टिकला. वास्तविक लोखंड मुळातच स्फटिकांचे बनलेले असते. दुसऱ्याच वर्षी स्कॉटलंडच्या विल्यम रँकिनने दाखवून दिले, की आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात तडा सुरू होतो आणि थोडाथोडा आत सरकत जातो. पण डोळ्यांना ठळक दिसणारे शेवटचे तुटणे हेच कारण वाटणे स्वाभाविक होते. आज ‘थंडीमुळे’ म्हणताना आपण तीच चूक नव्याने करतो.

प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट व्योलरने १८५० ते १८७० या काळात या दुखण्याची पद्धतशीर मोजणी केली. त्याने आसांचे नमुने यंत्रावर लाखो वेळा वाकवले, पिळले, ओढले. दोन गोष्टी लक्षात आल्या. एकाच वेळी सहज पेलेल असे ओझे पुन्हा पुन्हा दिले तर धातू तुटतो. आणि ओझे किती मोठे, यापेक्षा ते किती चढते-उतरते हे जास्त महत्त्वाचे असते. या दुखण्याला अभियंते फटिग म्हणतात. आपण धातूचा शीण म्हणू. मात्र एक भेद ध्यानात ठेवायला हवा. माणसाचा शीण विश्रांतीने उतरतो. पोलादाचा उतरत नाही. रात्रभर एकही गाडी गेली नाही म्हणून तडा मिटत नाही.

चाकाखाली काय घडते

मालगाडीच्या एका चाकावर सुमारे ११ टन ओझे असते. हे चाक रुळाला जिथे टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्या आसपास. मघाशी आपण तुटायला ९,००० किलो लागतात म्हटले. मग पहिल्याच चाकाखाली रुळाचा चुरा का होत नाही?

इथे एकत्रित ओझ्याचे पहिले तत्त्व येते. विहिरीच्या तळाशी मासा असतो. त्याच्यावर वरून पाण्याचा दाब आहे, पण तसाच तो खालून आणि चहूबाजूंनीही आहे. म्हणून तो चिरडत नाही. चाकाखालच्या पोलादाचेही काहीसे तसेच. ते पसरू पाहते, पण शेजारचे थंड, न दबलेले पोलाद त्याला चहूबाजूंनी आवळून धरते. सगळीकडून सारखा दाब पोलादाला इजा करत नाही. इजा होते ती दिशादिशांतल्या दाबाच्या फरकाने. एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी दाब असला की पोलादाच्या स्फटिकांचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकू लागतात. म्हणूनच अनेक दिशांनी ओझी आली की त्यांची नुसती बेरीज करून भागत नाही. कोण कुठून ओढतो हे पाहावे लागते.

आता रुळाच्या डोक्यातला, पृष्ठापासून काही मिलिमीटर खोल असा एक कण मनात धरू. चाक दुरून येऊ लागते तेव्हा तो कण एका बाजूला सरकवला जातो. चाक बरोबर वर आले की ही सरक थांबते आणि दाब कमाल होतो. चाक पुढे गेले की सरक उलट दिशेने होते. एका चाकाच्या जाण्याने त्या कणाला आधी डावीकडे, मग खाली, मग उजवीकडे असा झटका मिळतो. ओझी एकाच तालात चढत-उतरत नाहीत, ताणाची दिशाच फिरत राहते. प्रयोगशाळेत असे आढळले आहे, की बऱ्याच धातूंत ताणाची दिशा फिरती असली तर आयुष्य आणखी घटते. कारण उघड आहे. एकाच दिशेने ओढले तर स्फटिकांचे ठरावीक थरच सरकतात. दिशा फिरली की एकेक करून सगळेच कामाला लागतात.

असे झटके किती? ५८ वाघिणींच्या मालगाडीला २३२ आस असतात. समजा, एका मार्गावरून दिवसाला अशा २५ गाड्या गेल्या, तर त्या कणाला दिवसाला ५,८०० झटके बसले, वर्षाला २१ लाख. प्रवासी गाड्या वेगळ्याच. आपल्या हातात घेतलेली तार आपण दहा-बारा वेळा मागेपुढे वाकवून तोडतो. रुळाच्या बाबतीत तेच काम फार हलक्या हाताने, पण लाखो वेळा होत असते.

एक अधिक एक

नाशिकरोडजवळ रेल्वेचा एक मोठा कारखाना आहे. विद्युत इंजिनांच्या कर्षण मोटारी तिथे दुरुस्त होतात. अशा मोटारीचा आस दोन ओझी एकदम सोसतो. दात्यांच्या चाकाच्या रेट्याने तो वाकतो आणि गाडी ओढताना पिळला जातो. वाक एकट्याने येईल तेव्हा आस किती सोसेल हे ठाऊक आहे, पीळ एकट्याने येईल तेव्हा किती हेही ठाऊक आहे. दोन्ही मिळून आले तर?

इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गॉफ आणि पोलार्ड या दोघांनी १९३५ साली याचे उत्तर दिले. त्यांचा नियम सोप्या शब्दांत असा : वाक स्वतःच्या मर्यादेच्या किती पट आहे त्याचा वर्ग करा, पिळाचेही तसेच करा, दोहोंची बेरीज एकच्या आत राहिली तर आस टिकेल. दोन्ही ओझी आपापल्या मर्यादेच्या ७० टक्के असतील तर बेरीज ०.९८ होते, आस कसाबसा वाचतो. दोन्ही ८० टक्के झाली तर १.२८, आस कालांतराने तुटणार. यातली गोम अशी, की वाक तपासणारा म्हणेल ८० टक्केच आहे, पीळ तपासणाराही म्हणेल ८० टक्केच आहे. दोघेही खरे बोलतात आणि आस तुटतो.

रूळ तर दोन नव्हे, कितीतरी ओझी एकदम वाहतो. त्यासाठी कसारा घाट पाहावा. मुंबईकडून येणारी गाडी कसाऱ्याहून इगतपुरीला चढते तो हा घाट १८६५ साली वाहतुकीला खुला झाला. दर ३७ मीटरला एक मीटर असा त्याचा चढ. भारतातल्या ब्रॉडगेजच्या प्रमुख मार्गांवर इतके तीव्र चढ फारच थोडे आहेत. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने लावावी लागतात. चढताना इंजिनांची चाके रुळाला मागे रेटतात. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक त्याला पुढे, उताराकडे रेटतात. वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या कोपऱ्यावर घासते आणि त्याला बाजूला वाकवते. हे ढकलणे रुळाच्या डोक्यावर होते आणि त्याचा पाय स्लीपरला बांधलेला असतो, म्हणून तो पिळलाही जातो. दोन स्लीपरच्या मध्ये चाक आले की रूळ खाली वाकतो, चाकाच्या थोडे पुढे-मागे तो किंचित वर उचलला जातो. त्यात वितळजोडाच्या जागी आणि कारखान्यात रूळ सरळ करताना आत अडकून राहिलेला ताण असतो. आणि या सगळ्यावर तापमानाची खेच.

थंडी या यादीत शेवटची आहे. एकटी पाहिली तर ती सगळ्यात सौम्य ओझ्यांपैकी एक आहे.

तडा कसा वाढतो

सुरुवातीचा तडा डोळ्यांना दिसत नाही. तो कुठून सुरू होतो याची काही ठरलेली स्थाने आहेत. रुळाच्या डोक्याचा आतला कोपरा, जिथे चाकाची कड घासते. थर्मिट जोड, जिथे वितळलेले पोलाद साच्यात ओतून दोन टोके सांधलेली असतात आणि ओतताना एखादा बुडबुडा किंवा मळी आत राहते. रुळाचा पाय, जिथे गंज चढतो. आपल्या गाड्यांतील शौचालयांचा मैला वर्षानुवर्षे थेट रुळांवर पडत असे, त्याने रुळाचे पाय आणि क्लिपा खाल्ल्या. जैव-शौचालयांचा फायदा प्रवाशांच्या नाकाला झाला हे सर्वांना माहीत आहे, रुळाच्या पायालाही झाला हे थोड्यांना.

चौथे स्थान पोलादाच्या पोटात असते. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावी गाडी रुळावरून घसरून २९ माणसे गेली. महिना ऑगस्टचा, म्हणजे थंडीचा प्रश्नच नव्हता. रुळाचे तुकडे तपासले तेव्हा डोक्याच्या आत, बाहेरून मुळीच न दिसणारे गोल तडे सापडले. पुढे कळले, की वितळलेल्या पोलादात विरघळलेला हायड्रोजन रूळ थंड होताना आत अडकतो आणि केसाएवढ्या भेगा पाडतो. म्हणून आता रुळाचे पोलाद ओतण्यापूर्वी निर्वात भांड्यात ठेवून त्यातला हायड्रोजन काढून घेतात.

एकदा तडा पडला की त्याच्या वाढीला नियम असतो. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी अभियंता पॉल पॅरिस याने तो मांडला. पोलादाच्या बाबतीत ढोबळ रूप असे : तड्याच्या टोकाशी जो ताण एकवटतो, त्याच्या चढ-उताराच्या घनाच्या प्रमाणात तडा दर झटक्याला पुढे सरकतो. टोकाचा ताण दुप्पट तर वाढीचा वेग आठपट. आणि तडा जितका लांब, तितका टोकाचा ताण अधिक. तडा चौपट लांब झाला की टोकाचा ताण दुप्पट होतो, म्हणजे वेग आठपट.

या एका नियमात दोन मोठे धडे आहेत. पहिला असा, की तडा आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ लहान असतो आणि शेवटी भरभर वाढतो. ‘काल पाहिला तेव्हा काही नव्हते’ हे गँगमनचे वाक्य खोटे नसते. दुसरा धडा ओझ्याबद्दल. २००५ नंतर आपल्याकडे अनेक मार्गांवर वाघिणींना एका आसामागे २०.३ टनांऐवजी २२.९ टनांपर्यंत वजन वाहू देण्यात आले. वाढ साधारण १३ टक्क्यांची. रेल्वेच्या उत्पन्नाला त्याने मोठा हातभार लागला. पण १.१३चा घन १.४४ होतो. चाकाच्या ओझ्याने येणाऱ्या ताणापुरते पाहिले तर तड्याच्या वाढीचा वेग सुमारे ४४ टक्क्यांनी चढतो. तेव्हा तपासणीही तेवढ्याच प्रमाणात लवकर व्हायला हवी, हा त्याचा सरळ अर्थ.

पाऊस तडा वाढवतो

इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाने रूळ गंजतो हे कळते, पण तड्याशी पावसाचे नाते त्याहून जवळचे आहे. रुळाच्या पृष्ठावरून तिरका आत गेलेला तडा कोरडा असेल तर त्याचे दोन ओठ एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने वाढ थोडी रोखली जाते. त्यात पाणी शिरले की घर्षण कमी होते. वर चाक आले की तड्याचे तोंड मिटते, आत कोंडलेले पाणी चाकाच्या दाबाने खोलवर रेटले जाते आणि पाचर ठोकावी तसे तड्याचे टोक उघडते. कोरड्या रुळावर जो तडा रेंगाळला असता तो ओल्या रुळावर पुढे सरकतो.

याची दुसरी एक बाजू आणखी विचार करण्यासारखी आहे. जुने रूळ मऊ होते, लवकर झिजत. झिजताना वरचा थर निघून जाई आणि त्याबरोबर नुकते जन्मलेले तडेही. आताचे रूळ कठीण, कमी झिजणारे. वळणावर झीज कमी व्हावी म्हणून तेलाचा हात दिला की झीज आणखी घटते. मग कोवळे तडे पुसले जात नाहीत, तग धरतात. म्हणून आता यंत्राने रुळाचा अगदी पातळ थर मुद्दाम घासून काढावा लागतो. न झिजणारा रूळ हवा म्हणून आपण धडपडलो आणि तो मिळाल्यावर त्याला स्वतः झिजवू लागलो.

आता थंडीकडे परत येऊ. नाशिक-निफाडच्या पट्ट्यात गाड्यांनी तडा पाडलेला आहे, वर्षभर वाढवलेला आहे. डिसेंबर येतो. तापमानाची खेच लागू होते आणि ती तड्याला कायम उघडे धरते. उन्हाळ्यात रूळ पसरू पाहतो तेव्हा तोच तडा दाबाने मिटलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात तो मुका असतो. थंडीत त्याच तड्यावर चाकाचा झटका, आतला अडकलेला ताण आणि तापमानाची खेच यांची गाठ पडते. शिवाय थंड पोलाद तड्याला थोडा कमी विरोध करते. टोकाचा ताण सहनशक्तीच्या पलीकडे जातो आणि उरलेला रूळ एका क्षणात तुटतो. खेच असल्यामुळे तुटलेली टोके दूर सरकतात आणि मध्ये फट पडते. थंडी अगदीच निर्दोष आहे असे नाही. पण गाड्यांनी वर्षभर साठवलेले कर्ज एका पहाटे वसूल करणे, एवढेच तिचे काम.

पाहणारे

तडा आधी शोधायचा तर पोलादाच्या आत पाहायला हवे. त्यासाठी माणसाला ऐकू न येणारा ध्वनी वापरतात, सेकंदाला २० ते ४० लाख कंपनांचा. रुळावरून ढकलत न्यायच्या छोट्या ट्रॉलीवर पाण्याची टाकी असते. पाण्याच्या पातळ थरातून हा ध्वनी रुळात शिरतो आणि तड्यावर आपटून परत येतो. आडवे पसरलेले तडे शोधायला ध्वनी सरळ खाली सोडतात. रुळाला आडवे कापत जाणारे, म्हणजे सर्वांत घातक तडे शोधायला तो ७० अंशांत तिरका सोडतात. दोष सापडला की रुळावर लाल रंगाच्या फुल्या पडतात, गाड्यांचा वेग कमी केला जातो, तड्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या आवळल्या जातात आणि मग तो तुकडा बदलला जातो. ही तपासणी किती दिवसांनी करायची हे दिनदर्शिकेवरून ठरत नाही. त्या मार्गावरून किती दशलक्ष टन वजन गेले यावरून ठरते. व्योलर आणि पॅरिस यांनी सांगितले तेच, मोजायचे झटके, दिवस नव्हेत.

या ध्वनीला मर्यादा आहेत. पृष्ठावर उथळ तडे दाटले असतील तर ध्वनी तिथूनच परततो आणि खालचा मोठा तडा त्यांच्या सावलीत लपतो. रुळाच्या पायाच्या दोन्ही कडा डोक्यावरून सोडलेल्या ध्वनीच्या टप्प्यात येतच नाहीत. आणि तडा सापडला तरी पुढचे काम उरतेच. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्डजवळ ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीखाली वळणावरचा रूळ तुटून त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले, चार प्रवासी गेले. त्या रुळाच्या कोपऱ्यावरचे तडे आधीच ठाऊक होते. बदलायचा नवा रूळ मार्गाशेजारी आणून ठेवलेला होता. तो बसवला गेला नव्हता.

यंत्राच्या पलीकडे उरतो तो माणूस. लोहमार्गाच्या नेमून दिलेल्या भागावरून रोज पायी चालणारा कीमन, जुन्या माणसांच्या बोलीत चावीवाला. खांद्यावर हातोडा, हातात झेंडे, पिशवीत रेल्वेचे फटाके. थंडीत त्याच्या जोडीला रात्रीची गस्तही असते, कारण तडा उघडण्याची वेळ मध्यरात्र ते सूर्योदय हीच. काही मार्गांवर रुळातून वीजप्रवाह खेळवलेला असतो, रूळ पूर्ण तुटला तर प्रवाह खंडित होऊन सिग्नल लाल होतो. पण जिथे गाडीची नोंद आस मोजणाऱ्या यंत्रांनी होते तिथे ही सोय नाही. आणि अर्धवट तडा तर कुठल्याच सिग्नलला कळत नाही. तुटलेला रूळ दिसला की गस्तवाला गाडीच्या दिशेने पळत सुटतो. ६०० मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, १,२०० मीटरवर आणखी तीन. गाडीचे चाक त्यावर आले की स्फोट होतो आणि चालक ब्रेक लावतो. दिवाळीतला फटाका एकदा वाजून विसरला जातो. हा फटाका वाजला की त्याच्या मागे हजार-दीड हजार माणसे झोपेतून न उठता वाचलेली असतात.

दुसऱ्या दिवशी बातमी येते : थंडीमुळे रुळाला तडा, गस्तवाल्याच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला. बातमीचा उत्तरार्ध खरा असतो आणि गस्तवाल्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण पूर्वार्ध वाचताना काही प्रश्न मनात यायला हवेत. या तुकड्यावर ध्वनीची तपासणी शेवटची कधी झाली? त्यानंतर त्यावरून किती टन गेले? तुटलेल्या तोंडावरची चंद्रकोर केवढी होती? चंद्रकोर मोठी असेल तर तडा बराच काळ सापडण्याजोगा होता आणि तरीही सापडला नाही. ती लहान असेल तर रुळावर कुठले तरी ओझे आपल्या हिशेबापेक्षा जास्त येत होते. दोन्ही उत्तरे पुढच्या डिसेंबरच्या कामी येतात. निफाडचा पारा मात्र कोणाच्याच हातात नसतो.